गाणे दुसऱ्याचे, कहाणी स्वतःची

चरित्र हा वाङ्मयप्रकार शिकवताना आपण लीळाचरित्रापासून सुरुवात करतो, महिपतीच्या भक्तविजयाला स्पर्श करतो, मग एकोणिसाव्या शतकातील चरित्रग्रंथांकडे वळतो आणि आत्मचरित्रांपाशी येऊन थांबतो. गेल्या वीस वर्षांत मराठी घरांनी रात्रीच्या जेवणासोबत मुकाट्याने सेवन केलेले एक चरित्र मात्र कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. ते तीन-चार मिनिटांचे असते. त्यात एक गाव असते, एक घर असते, आईच्या डोळ्यांत पाणी असते, एक जुनी पेटी किंवा तानपुरा असतो, आणि ते संपले की लगेच गाणे सुरू होते. दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धेच्या स्पर्धकाचे हे चरित्र. साहित्याच्या मंडळींनी त्याकडे ‘करमणूक’ म्हणून पाठ फिरवली, हे आम्हांला बरोबर वाटत नाही. ज्या चरित्राने माणसाची पुढली दहा-पंधरा वर्षे ठरतात, ते चरित्र कोण लिहितो आणि कसे लिहितो हा वाङ्मयीन प्रश्नच आहे.

आम्ही हे हिंगोली जिल्ह्यातून लिहीत आहोत. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा लहानसा जिल्हा. गायनस्पर्धांच्या संदर्भात त्याचे नाव सहसा कोणी घेणार नाही. पण गाणाऱ्या माणसाचे चरित्र कसे रचले जाते, या प्रश्नावर बोलण्याचा अधिकार या जिल्ह्याला थोडा अधिक आहे असे आमचे मत आहे. त्याचे कारण नर्सी हे गाव. त्याकडे पुढे येऊच. आधी उदाहरण घेऊ, आणि ते आमच्याच मराठवाड्यातले घेऊ: लातूरचा रोहित राऊत.

झी मराठीवर २००८-०९ मध्ये झालेले ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’ हे पर्व वाचकांना आठवत असेलच. पल्लवी जोशींचे सूत्रसंचालन, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत हे परीक्षक, आणि अंतिम फेरीत पाच मुले: आळंदीची कार्तिकी गायकवाड, रत्नागिरी जिल्ह्यातील आरवलीचा प्रथमेश लघाटे, पुण्याची आर्या आंबेकर, अलिबागची मुग्धा वैशंपायन आणि लातूरचा रोहित राऊत. त्या काळात मराठवाड्यात भारनियमन इतके होते की कार्यक्रम सुरू असताना वीज टिकली तर ते भाग्य समजावे. ज्याच्या घरी इन्व्हर्टर त्याच्या घरी गल्ली जमे. फेब्रुवारी २००९ मध्ये कार्तिकी विजेती ठरली आणि त्यानंतर कितीतरी दिवस निकाल योग्य की अयोग्य यावर महाराष्ट्रभर वाद झाले. त्या वादात आम्हांला आज रस नाही. रस आहे तो त्या मुलांना मिळालेल्या बिरुदांत.

मुग्धा ‘मॉनिटर’, प्रथमेश ‘मोदक’, आर्या ‘प्रिटी यंग गर्ल’, रोहित ‘रॉकस्टार’. कार्तिकीला वेगळे बिरुद लागलेच नाही. ‘आळंदी’ हा शब्दच तिचे बिरुद झाला. प्राचीन महाकाव्यांत पात्राचे नाव आले की त्याला चिकटलेले विशेषणही येते, त्याच जातीची ही योजना. श्रोत्याच्या स्मरणाला खुंटी हवी असते आणि विशेषण ही खुंटी पुरवते. बारकाईने पाहिले तर या खुंट्या कोठून आणल्या हेही दिसते. कोकणाने मोदक दिला. आळंदीने माउली दिली. पुण्याने शहरी नीटसपणा दिला. लातूरने काय दिले? काहीच नाही! लातूर म्हटले की उर्वरित महाराष्ट्राला १९९३ चा किल्लारीचा भूकंप आठवतो, दहावी-बारावीचा ‘लातूर पॅटर्न’ आठवतो, आणि पुढे २०१६ पासून मिरजेहून पाणी घेऊन आलेली आगगाडी. यांतले काहीही गाण्याच्या कार्यक्रमात लहान मुलाच्या गळ्यात घालण्यासारखे नव्हते. म्हणून लातूरच्या मुलाला गिटारचा खोटा झगमगाट मिळाला. तो त्याला शोभलाही, हा त्याचा गुण.

मराठवाड्याजवळ गाण्याची प्रतिमा नाही, असे मुंबईला वाटते ही गोष्ट आम्हांला बोचते. परभणी जिल्ह्यातील गंगाखेड हे जनाबाईचे, तेर हे गोरोबाकाकांचे, पैठण एकनाथांचे. निजामाच्या राजवटीत वाढलेल्या या मुलखाने उर्दू आणि कव्वाली ऐकली आहे. इथल्या वस्त्यांतून भीमगीते घुमली आहेत. नांदेडात जन्मलेल्या पं. नाथराव नेरळकरांनी औरंगाबादेत आयुष्यभर शिष्य घडवले. एवढे सगळे असूनही पडद्यावर दाखवायला ‘मराठवाड्याचे गाणे’ म्हणून काही सापडत नाही. सापडतो तो दुष्काळ. असो.

रोहितच्या पुढील वाटचालीचा एक टप्पा आम्हांला सर्वांत बोलका वाटतो. लहानपणी अवघ्या महाराष्ट्राला माहीत झालेला हा गायक २०१९ मध्ये सोनी वाहिनीवरील ‘इंडियन आयडॉल’च्या अकराव्या पर्वात पुन्हा स्पर्धक म्हणून उभा राहिला. मधल्या दहा वर्षांत त्याने मराठी चित्रपटांसाठी पार्श्वगायन केले होते, रंगमंचीय कार्यक्रम केले होते. म्हणजे तो व्यवसायाने गायक होता. तरीही रांगेत उभे राहून, गळ्यात पुन्हा पाटी अडकवून घेऊन, परीक्षकांनी ‘निवडले’ म्हणावे याची वाट पाहावी लागली. फेब्रुवारी २०२० च्या अंतिम फेरीत बठिंड्याचा सनी हिंदुस्तानी जिंकला, रोहित पहिला उपविजेता ठरला. पुढच्याच वर्षी, २०२१ मध्ये, झी मराठीच्या लिटिल चॅम्प्सच्या नव्या पर्वात २००९ ची ती पाचही मुले ज्युरी म्हणून बसली. स्पर्धक, पुन्हा स्पर्धक, मग स्पर्धकांना गुण देणारा: बारा-तेरा वर्षांचा हा प्रवास एकाच इमारतीच्या वेगवेगळ्या मजल्यांवर झाला आहे.

हे एकट्या रोहितचे नाही. २००५ साली पहिला ‘इंडियन आयडॉल’ ठरलेला अभिजीत सावंत २००८ मध्ये ‘नच बलिये’त नाचला, त्याच सुमारास ‘जो जीता वही सुपरस्टार’मध्ये पुन्हा गाण्याच्या स्पर्धेत उतरला, आणि २०२४ मध्ये ‘बिग बॉस मराठी’च्या घरात जाऊन तेथेही उपविजेता ठरला. हिंगणघाटच्या वैशाली भैसने-माडे यांनी तर मराठी ‘सा रे ग म प’ जिंकून २००९ मध्ये हिंदीचेही विजेतेपद मिळवले. एवढे दुहेरी यश क्वचितच कोणाच्या वाट्याला आले असेल. त्यांचा आवाज २०१५ च्या ‘बाजीराव मस्तानी’त श्रेया घोषालांसोबत ‘पिंगा’ या गाण्यात साऱ्या देशाने ऐकला. आणि तरी २०१९ मध्ये त्याही ‘बिग बॉस मराठी’त होत्या. २०२१ मध्ये त्यांनी राजकीय पक्षात प्रवेश केला. कोणी कोठे जावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे आणि त्यात कमीपणा काही नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. गाण्याची स्पर्धा जिंकलेल्या माणसाला गाण्याचे काम का पुरत नाही? त्याला पुन्हा पुन्हा स्पर्धक का व्हावे लागते?

नेहमीचे उत्तर असे दिले जाते की स्पर्धा फार झाल्या, गायक फार झाले, कामे तेवढीच राहिली. हे खरे आहे, पण अपुरे आहे. आम्हांला वाटते की दोष स्पर्धेच्या रचनेतच आहे. स्पर्धक जे गातो ते त्याचे नसते. ते लताबाईंचे असते, किशोरकुमारांचे असते, आशाबाईंचे असते. महिनोन्‌महिने तो दुसऱ्याची गाणी गातो आणि त्याची परीक्षाही ‘मूळ गाण्याच्या किती जवळ गेला’ या मापाने होते. मग एका स्पर्धकाला दुसऱ्यापासून वेगळे करायचे कशाने? गाणे वेगळे नाही, चाल वेगळी नाही, वाद्यमेळही तोच. वेगळे असते ते फक्त आयुष्य. म्हणून आयुष्य पुढे आणावे लागते. गाणे उसने असल्यामुळे कहाणी अस्सल लागते, असे हे गणित आहे.

आणि कहाणी एकदाच सांगता येते. पर्व संपले की ती संपते. त्यानंतर गायकाच्या हाती उरतात उसनी गाणी आणि सांगून झालेली गोष्ट. पूर्वी या रिकाम्या जागी ‘अल्बम’ नावाची वस्तू होती. अभिजीत सावंतचा २००५ चा पहिला अल्बम अनेकांना आठवेल. त्यात निदान नवी, त्याची अशी गाणी होती. पण कॅसेट-सीडीची बाजारपेठ नेमकी त्याच काळात ढासळली आणि चित्रपटाबाहेरच्या गाण्याची ती वाट अरुंद झाली. इंटरनेटने ती पुन्हा उघडली असे म्हणतात. उघडली आहे खरी, परंतु तेथेही जुन्या गाण्याची नवी आवृत्ती चटकन ऐकली जाते, नवे गाणे वाट पाहत बसते.

कहाणीचे वजन किती वाढले याची साक्ष खुद्द विजेत्यांनीच दिली आहे. २०२१ मध्ये अभिजीत सावंतने एका मुलाखतीत उघड तक्रार केली की या कार्यक्रमांना स्पर्धकाच्या गुणांपेक्षा तो बूटपॉलिश करू शकतो का, किती गरीब आहे, यात जास्त रस असतो. त्याच महिन्यात किशोरकुमारांचे पुत्र अमितकुमार यांनी सांगितले की आपल्याला सर्वांची स्तुती करायला सांगण्यात आले होते. त्याच सुमारास सूत्रसंचालकाने ‘अलिबागहून आलो आहोत का’ छापाचा विनोद केला, ओरड झाली, आणि माफी मागावी लागली. मुग्धाचे गाव ते हेच अलिबाग. एका पर्वात ज्या गावाचे नाव लावून मते मागायची, दुसऱ्या पर्वात त्याच गावाचे नाव अडाणीपणाचा पर्याय म्हणून वापरायचे! गावाचे नाव घेतले म्हणजे गावाचा मान राखला असे होत नाही.

सनी हिंदुस्तानीविषयी येथे एक शब्द लिहिणे न्यायाचे आहे. त्याने बूटपॉलिश केले होते, हे त्या पर्वात वारंवार सांगितले गेले. तो उत्तम गात होता. नुसरत फतेह अली खाँच्या वळणाचा तो आवाज ज्यांनी ऐकला त्यांना पॉलिशच्या डबीची आठवण करून देण्याची गरज नव्हती. कहाणीने त्याचेही नुकसानच केले: आज त्याचे नाव निघाले की आधी व्यवसाय आठवतो, मग सूर. आणि त्याच्यासमोर उभ्या असलेल्या, दहा वर्षे व्यवसायात घालवलेल्या लातूरच्या गायकाजवळ सांगण्यासारखी ‘पहिली’ गोष्ट शिल्लकच नव्हती. ती २००९ मध्येच खर्ची पडली होती. (मराठवाड्याचा गायक आणि पंजाबचा गायक अंतिम फेरीत समोरासमोर आले तेव्हा आम्हांला सहज घुमानची आठवण झाली. नामदेव पंजाबात गेले, तेथे राहिले आणि गुरुग्रंथसाहिबात त्यांच्या एकसष्ट रचना समाविष्ट झाल्या. २०१५ चे साहित्य संमेलन त्याच घुमानला भरले होते. त्या वाटेवर कोणी पहिला आणि कोणी दुसरा नव्हता.)

नामदेवांचे नाव आले तेव्हा आता नर्सीकडे वळतो. हिंगोली तालुक्यातील नर्सी हे परंपरेने नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. औंढा नागनाथ येथे त्यांना विसोबा खेचरांचा उपदेश झाला. औंढ्याची कथा सर्वश्रुत आहे: देवळासमोर कीर्तन करणाऱ्या नामदेवांना पुजाऱ्यांनी मागच्या बाजूला जायला सांगितले, ते मागे जाऊन गाऊ लागले, आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिले. आमच्या वर्गात हे सांगितले की विद्यार्थी हसतात, मग एखादा विचारतो की खरेच फिरले का. आम्ही म्हणतो, कथा कशासाठी रचली गेली ते पाहा. गाणाऱ्याच्या जातीवरून, घरावरून, धंद्यावरून त्याची जागा ठरवणाऱ्यांना उत्तर म्हणून ती रचली गेली. कथा सांगते की गाणे ऐका, गाणारा कोण ते नंतर विचारा.

म्हणजे चरित्रातल्या अद्‌भुताला आमचा विरोध नाही. संतचरित्रकारांनी वाहिन्यांपेक्षा कितीतरी धाडसी कल्पना लढवल्या आहेत. १७६२ च्या भक्तविजयात त्या पानोपानी सापडतील. परंतु दोन फरक लक्षात घ्यावे लागतात. पहिला फरक क्रमाचा. संतांची गाणी आधी लोकांच्या तोंडी होती, मग त्यांच्यामागून कथा आल्या. महिपतीने लिहायला घेतले तेव्हा नामदेवांना जाऊन चार शतके झाली होती आणि त्यांचे अभंग तोवर दिंडीदिंडीत म्हटले जात होते. येथे कथा आधी येते आणि गाणे तिच्या मागून, तिच्या शिफारशीवर. दुसरा फरक निवेदकाचा. ज्ञानेश्वरांच्या आयुष्याची कथा सांगणारी ‘आदि’, ‘तीर्थावळी’, ‘समाधी’ ही प्रकरणे नामदेवांच्या नावावर आहेत. त्यांच्या कर्तृत्वाविषयी संशोधकांत मतभेद आहेत, ते सोडून देऊ. पण परंपरेने एक गोष्ट ठरवून टाकली की गाणाऱ्याचे चरित्र दुसऱ्या गाणाऱ्याने सांगावे, सोबत तीर्थयात्रा केलेल्या मित्राने सांगावे. स्पर्धकाचे चरित्र सांगणारी वाहिनी त्याच्यासोबत कोठेही चाललेली नसते. पुढच्या पर्वाला तिच्याजवळ नवा माणूस असतो.

कोणी म्हणेल, वारकरी गायकही दुसऱ्याचीच रचना गातो. अगदी बरोबर. दर अभंगाच्या शेवटी तो ‘नामा’, ‘तुका’, ‘जनी’ यांची मुद्रा उच्चारतो, स्वतःचे नाव कोठेच घेत नाही. तरी त्याच्याकडे कोणी कहाणी मागत नाही, कारण ते गाणे कोणाच्या मालकीचे नाही. पखवाजवाला, टाळकरी, धृपद धरणारे आणि ऐकणारे सगळेच ते गातात. नक्कल हा आरोपच तेथे संभवत नाही. कार्तिकी गायकवाडच्या २००९ च्या यशाकडे आम्ही असे पाहतो. तिचे वडील कल्याणजी गायकवाड स्वतः गायक-संगीतकार. अभंग-गवळणींचा साठा तिला घरातून मिळाला होता आणि त्या गाण्यांना ‘मूळ आवाज’ नावाची भिंत नव्हती. चित्रपटगीत गाणारे मूल लताबाईंशी तोलले जात होते. गवळण गाणारी मुलगी कोणाशीच तोलली जात नव्हती. निकालावर वाद घालणाऱ्या आमच्या मित्रांनी हा मुद्दा विचारात घेतल्याचे दिसत नाही.

स्पर्धेपूर्वीची व्यवस्था आदर्श होती असा आमचा दावा नाही. आकाशवाणीची आवाजचाचणी आम्हांला नेहमी कौतुकास्पद वाटत आली: उमेदवाराचे नाव न सांगता केवळ आवाज ऐकवायचा आणि समितीने श्रेणी ठरवायची. परभणी केंद्रावर हिंगोलीकडचा कोणी गायला तर त्याचे घर पत्र्याचे की सिमेंटचे, हे ऐकणाऱ्याला कळत नसे. परंतु १९५२ मध्ये बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाल्यावर आणि रातंजनकरांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने चाचण्या सुरू केल्यावर मोठमोठ्या घराण्यांच्या कलावंतांनी बहिष्कार घातला होता, हाही इतिहास आहे. शास्त्रीय गाण्याच्या कसोटीने लोकगीताला किंवा भीमगीताला न्याय मिळतोच असे नाही. शिवाय एखाद्या मुलाला एका हंगामात अख्ख्या महाराष्ट्राने ओळखावे, हे त्या व्यवस्थेत घडणे शक्य नव्हते. लातूरच्या मुलाला मुंबईचे दार स्पर्धेनेच उघडून दिले. ते नाकारणे कृतघ्नपणा होईल. १९९५ मध्ये झी टीव्हीवर सोनू निगमच्या सूत्रसंचालनात ‘सा रे ग म’ सुरू झाले, तेव्हा शास्त्रीय गायक-वादक आणि जुने संगीतकार परीक्षक म्हणून बसत, गुण तेच देत. श्रेया घोषाल त्याच मंचावरून पुढे आल्या. प्रेक्षकांच्या मतांवर निकाल ठरू लागला तो २००५ च्या ‘चॅलेंज’पासून. मत मागायचे म्हणजे मतदाराला कारण द्यावे लागते, आणि सुरापेक्षा अश्रू हे कारण लवकर समजते.

तेव्हा करायचे काय? वाहिन्यांना उपदेश करण्यात अर्थ नाही, त्यांचा हिशेब वेगळा आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना मात्र दोन कामे करता येतील. एक, या तीन-चार मिनिटांच्या चरित्रांचे नीट वाचन. निवेदक कोण, कोणता तपशील घेतला, कोणता वगळला, गुरूचे नाव आले की नाही (बहुधा येत नाही किंवा घाईत येते; आई-वडील मात्र भरपूर), गाव दाखवताना कॅमेरा शाळेवर थांबला की पडक्या भिंतीवर. एम.ए.च्या एखाद्या लघुप्रबंधाला हा विषय पुरून उरेल आणि संतचरित्रांच्या अभ्यासाशी तो थेट जोडता येईल.

दुसरे काम अधिक निकडीचे आहे. या गायकांच्या गाण्याविषयी कोणी लिहीतच नाही. रोहित राऊतविषयी मराठीत जे छापून आले त्यात स्पर्धा आहे, निकाल आहे, २०२२ मधील त्याचे लग्न आहे. त्याचा आवाज वरच्या सप्तकात कसा उघडतो, लहानपणचा गळा बदलल्यावर त्याने काय सोडले आणि काय मिळवले, मराठी उच्चार आणि हिंदी उच्चार यांत त्याची लय कशी वेगळी पडते, यावर दोन परिच्छेद शोधायला गेले तर हाती काही लागत नाही. २००९ चा मुलगा आणि २०२० चा तरुण यांच्या ध्वनिचित्रफिती शेजारी शेजारी ठेवून ऐकता येतात. एकाच गळ्याचा अकरा वर्षांचा असा उघडा पुरावा आधीच्या पिढीच्या कितीशा गायकांबद्दल मिळतो? आमच्या महाविद्यालयांतल्या ज्या मुलांना भावगीत आणि भजन यांतला फरक कानाने कळतो, त्यांनी हे लिहायला घ्यावे. नर्सी, औंढा, वसमत, कळमनुरी, सेनगाव येथे सप्ताहांत गाणारी, जयंतीच्या रात्री भीमगीते म्हणणारी माणसे तर हाकेच्या अंतरावर आहेत. त्यांच्या घरी जाताना कॅमेऱ्याची गरज नाही. वही न्यावी, आधी त्यांना गायला सांगावे, आणि घर-संसाराची चौकशी गाणे झाल्यावर करावी.